पंधराशेच्या आतले फुटबॉल स्टड: कोल्हापूरच्या मैदानावर काय टिकतं, काय उसवतं

निकाल आधीच सांगून टाकू. घरातून फुटबॉलच्या बुटांसाठी एकदाच पैसे मिळणार असतील आणि पोरगं आठवड्यातले पाच दिवस मुरमाच्या, टणक मातीच्या मैदानावर सराव करत असेल, तर पहिली जोडी टीएफ सोलची घ्या. टीएफ म्हणजे तळाला बारीक बारीक रबरी दाणे असलेला बूट. लांब स्टडचा, म्हणजे तळाला खुंट्यांसारखे उंचवटे असलेला, बूट नंतर. दुकानात पोराला ही जोडी आवडणार नाही, 'हे तर क्रिकेटचं दिसतंय' म्हणेल. म्हणू दे.

इथे बोलायचं आहे ते सातशे ते पंधराशे रुपयांच्या बुटांबद्दल. निव्हिया, व्हेक्टर एक्स, कॉस्को अशा देशी कंपन्यांचे, आणि त्यांच्या शेजारीच टांगलेले बड्या परदेशी नावांचे 'फर्स्ट कॉपी', म्हणजे हुबेहूब नकला. मॉडेलची नावं आणि रंग दर हंगामाला बदलतात, म्हणून एकेक मॉडेल धरून गुण देण्यात अर्थ नाही. सोल, वरचं कापड, आतला पुठ्ठा आणि डिंक या चार गोष्टी मात्र वर्षानुवर्षं त्याच राहतात. बूट फाटतो तोही त्याच चार ठिकाणी.

फुटबॉलवर निघालेल्या कुठल्याही सिनेमात गरिबाचं पोरगं ट्रायलला जातं, पाऊस पडतो, संगीत वाजतं आणि शेवटच्या मिनिटाला गोल होतो. त्या पोराच्या बुटाचा सोल अर्ध्या वाटेत आ वासून सुटलाय, असं कुणी दाखवत नाही. आपल्याकडे मात्र गाडी बऱ्याचदा तिथेच अडते. तालमीचा, म्हणजे पेठेतल्या मंडळाचा, ज्युनियर संघ, शाळेच्या स्पर्धा, मग केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीग, मग जिल्हा आणि राज्य निवड, अशी ही चढण आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, वडील रिक्षाचालक. तेव्हापासून 'प्रोफेशनल व्हायचंय' हे वाक्य पेठेतल्या घरात कुणी हसण्यावारी नेत नाही. फौंड्रीत पाळी करणारा बापही त्यासाठी हजार रुपये काढतो. ते हजार रुपये चुकीच्या सोलवर जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा सगळा पसारा.

मैदान बघा, मग सोल

बुटाच्या डब्यावर किंवा जिभेच्या आतल्या लेबलवर दोन अक्षरं असतात. एफजी म्हणजे घट्ट मातीवरच्या खऱ्या गवतासाठी: दहा-तेरा जाड स्टड, उंची साधारण एक सेंटिमीटर किंवा थोडी जास्त. एसजी म्हणजे चिखलासाठी: सहा किंवा आठ लांब स्टड, बहुतेकदा धातूचे आणि स्क्रूने बसणारे. एजी म्हणजे कृत्रिम गवतासाठी: स्टड आखूड, संख्येने जास्त आणि आतून पोकळ. टीएफचे दाणे त्याहून बारीक. आयसी म्हणजे सपाट सोल, हॉलमध्ये खेळायला. स्वस्तातल्या बुटावर पुष्कळदा यातलं काहीच छापलेलं नसतं. मग बूट उलटा करून स्टड मोजायचे, एवढंच हातात राहतं.

आता आपली मैदानं. शाहू स्टेडियमवर गवत आहे, तिथे एफजी बरोबर. हंगाम सरत आला की गोलपोस्टपुढे आणि मध्यवर्तुळात तेही विरळ होतं, पण तरी स्टड मातीत रुततो. मात्र ज्युनियर पोरगं वर्षातून तिथे खेळणार किती? सामन्याचे मोजके दिवस. बाकीचे सगळे दिवस पेठेतलं मोकळं मैदान, शाळेचं पटांगण, नाहीतर तासाच्या भाड्याने मिळणारं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान. गांधी मैदानात पावसाळ्यात तळं साचतं आणि उन्हाळ्यात तीच जमीन फरशीसारखी वाजते. एकाच मैदानाची ही दोन टोकं एक सोल सांभाळू शकत नाही.

टणक मातीवर लांब स्टड काय करतो ते समजून घ्या, कारण बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात. स्टड आत रुतला तर पायाचं वजन सबंध तळव्यावर पसरतं. रुतला नाही तर सगळा भार स्टडच्या टोकांवर येतो आणि तीच टोकं पातळ सोलमधून उलटी तळव्याला टोचतात. अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या मुळाशी आणि टाचेत. नऊ ते चौदा वयात टाचेच्या हाडाचा वाढीचा भाग अजून कच्चा असतो आणि पोटरीचा जाड स्नायुबंध नेमका तिथेच ओढ घेतो. सराव संपल्यावर पोरगं चवड्यावर चालत घरी येत असेल, टाच दोन्ही बाजूंनी दाबली की कळवळत असेल, तर तो आळस नाही. आठवडाभर स्टड काढून ठेवा, टीएफ किंवा साध्या बुटात हलका सराव द्या आणि तरी राहिलं नाही तर हाडांच्या डॉक्टरकडे न्या. 'खेळून खेळून मोकळं होतंय' हा सल्ला मैदानात फुकट मिळतो, घेऊ नका.

उलट बाजूने कृत्रिम गवतावर ब्लेड स्टड, म्हणजे चपटे पात्यासारखे स्टड, गरजेपेक्षा जास्त पकडतात. पाय रोवलेला राहतो, अंग वळतं आणि मध्ये गुडघा सापडतो. शिवाय एफजी बूट कृत्रिम गवतावर वापरला तर बड्या कंपन्या वॉरंटी मानत नाहीत, तसं त्या लिहूनच देतात. स्वस्त बुटाला वॉरंटी असते कुठे म्हणा, पण स्टड मुळातून तडकण्याचं कारण तेच आहे.

धातूच्या स्टडचं वेड वेगळंच. त्याचा टकटक आवाज पोरांना भारी वाटतो. कोल्हापुरातला बहुतेक हंगाम पावसाळा उलटल्यावर सुरू होतो आणि कोरड्यात चालतो. एसजीचा उपयोग वर्षातले थोडे दिवस, आणि स्टेडियमच्या पायऱ्यांवर त्याने घसरून पडण्याची सोय बाराही महिने. पंधराशेच्या बजेटमध्ये त्याचा विचारच नको.

दुकानातली दहा मिनिटं

खरेदीला संध्याकाळी जा, सरावानंतर गेलात तर उत्तमच. दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि सामन्यातही तो तसाच असतो. खेळताना घालायचे मोजे बरोबर न्या, दुकानातल्या पातळ मोज्यावर माप घेऊ नका. घरून निघण्याआधी कागदावर पोराला उभं करून दोन्ही पायांची बाहेरची रेघ मारून घ्या. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहा. कित्येकांचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब असतं, तेव्हा अंगठाच धरून चालायचं नाही. दोन पायांत फरक निघाला तर मोठा पाय प्रमाण. एकाच कंपनीचा सहा नंबर आणि दुसरीचा सहा नंबर सारखे निघतील असं समजू नका, सेंटिमीटर मात्र कुठेही सेंटिमीटरच.

पुढे मोकळी जागा अर्धा ते एक सेंटिमीटर, बस. 'वाढतं वय आहे, दोन नंबर मोठे घ्या आणि पुढे कापूस कोंबा' हा घराघरांतला हिशेब सगळ्यात महाग पडतो. मोठ्या बुटात पाय पुढे-मागे घसरतो. थांबताना नख बुटाच्या टोकावर आपटतं आणि काळं पडतं, टाचेला फोड येतो. आणि बूट जिथे मोडायला हवा, म्हणजे बोटांच्या मुळाशी, तिथे न मोडता मधोमध मोडतो. मधोमध मोडणाऱ्या बुटाचा सोल लवकर सुटतो. म्हणजे नंबर वाढवून वाचवलेले पैसे मोच्याकडे जातात, कधी डॉक्टरकडेही.

लांबी जुळली की रुंदी. अनवाणी किंवा पायताणात वाढलेला पाय पंजात पसरलेला असतो आणि हे बूट निमुळत्या पायासाठी बेतलेले असतात. बूट घालून, नाडी बांधून उभं राहायला सांगा आणि करंगळीच्या बाजूने वरून बघा. पाय सोलच्या कडेबाहेर ओघळलेला दिसला तर तो बूट ठेवून द्या, रंग कितीही आवडलेला असो. तिथला जोड प्रत्येक वळणाला ताणला जाणार आणि दीड-दोन महिन्यांत उसवणार. हे नशिबावर नाही, मापावर ठरतं.

मग बूट हातात घ्या. एका हातात टाच, दुसऱ्यात टोक धरून वाकवा. वाकण बोटांच्या रेषेवर यायला हवी. वाकवलेल्या जागी सोल आणि वरच्या कापडाच्या मध्ये केसाएवढी जरी फट दिसली किंवा डिंकाचा पिवळा ओघळ दिसला, तर दुसरी जोडी मागा. टाचेचा मागचा कप अंगठ्याने दाबा, सहज आत गेला तर घोटा आधाराविना राहील. आतलं सुटं पायतळ उचला. खाली कापड शिवलेलं दिसलं तर चांगलं. पुठ्ठा दिसला तर तो पहिल्या पावसात फुगणार, वाळल्यावर वाकडा होणार आणि वरचा डिंक सोडून देणार, हे गृहीत धरून किंमत ठरवा. दुकानदार पायतळ उचलू देत नसेल तर दुकान बदला. शहरात खेळाच्या दुकानांना तोटा नाही.

वरचं मटेरियल दोन तऱ्हेचं मिळतं. पीव्हीसी चकचकीत, गार हाताला प्लास्टिकसारखं लागतं, वाकवलं की पांढरी रेघ उमटते. पीयू (पॉलियुरेथेन) थोडं मऊ, सुरकुत्या बारीक. किमतीत दोन-तीनशेचा फरक पडतो आणि तो द्यावा. पीव्हीसी उन्हात कडक होतं आणि बोटांच्या वाकणीवर आडवं चिरतं. चिरलं की शिवता येत नाही, कारण टाका पुढच्या चिरेला वाट करून देतो. सोलमध्येही तोच भेद आहे. टीपीयूचा, म्हणजे पीयूच्याच जातीतल्या लवचिक प्लास्टिकचा, सोल वाकवून सोडला की झटकन परततो, पीव्हीसीचा आळसावल्यासारखा परततो. स्टड नखाने दाबून बघा. नख उमटलं तर तो स्टड डांबरी रस्त्यावर आठवडाभरात बोथट होईल.

फर्स्ट कॉपीबद्दल थोडक्यात: पैसे छापाईचे घेतात. घोट्यापर्यंत येणारी मोज्यासारखी विणलेली कॉलर दिसायला झकास, पण स्वस्त बुटात ती महिन्याभरात सैल पडते आणि मग खडे आत घ्यायचं काम तेवढं इमानाने करते. त्याच किमतीतला साधा, नाडीचा, बिनकॉलरचा देशी बूट घ्यावा.

नवा बूट घेतला की आधी मोच्याकडे

या किमतीतला बूट फक्त डिंकावर जोडलेला असतो. कडेला शिवणीसारखी नक्षी दिसते ती साच्यातून आलेली, टाका नव्हे. म्हणून या बुटांचा खरा रिव्ह्यू शिवण घालण्याआधीचा आणि शिवण घातल्यानंतरचा असा दोनदा लिहायला हवा. शिवणीआधी पाचपैकी दोन गुण. शिवणीनंतर साडेतीन.

कोल्हापुराला या बाबतीत बाहेरून काही शिकायची गरज नाही. कोल्हापुरी चपलेचे थर खिळ्यावर नव्हे, चामड्याच्या वादीच्या टाक्यावर उभे असतात. त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पायताण शिवणाऱ्या हाताला फुटबॉलचा बूट अवघड नाही. फक्त काम नीट सांगावं लागतं.

दुकानातून आणल्यावर दोन-तीन दिवस घरात आणि हलक्या सरावात घालून माप पक्कं करा, कारण एकदा सुई लागली की दुकानदार बदलून देत नाही. मग मोच्याला सांगा: टोकापासून दोन्ही बाजूंनी पायाच्या कमानीपर्यंत टाका, मेण लावलेला जाड नायलॉन दोरा, टाके पाच-सहा मिलिमीटरचे. त्याहून बारीक टाके घातले तर सोलला भोकांची माळ होते आणि कागदाच्या तिकिटासारखा सोल त्याच रेषेवर फाटतो. त्याहून मोठे घातले तर मधली जागा तोंड उघडते. आरी, म्हणजे मोच्याची टोचणी, स्टडच्या मुळातून जाता कामा नये, स्टडच्या बाहेरच्या कडेने जायला हवी. आतून टाक्याची गाठ पायाला टोचू नये म्हणून पायतळ काढूनच शिवायचं आणि शिवण झाल्यावर परत बसवायचं. टाचेकडे सहसा गरज नसते, तिथे बूट वाकत नाही. खर्च शंभर-दीडशेच्या घरात येतो. तोटा एकच: टाक्यांच्या भोकांतून पाणी आत येतं. चिखलाच्या दिवशी पाय ओला होणार, तो झेलायचा.

सोल आधीच सुटलेला असेल तर नुसता टाका पुरत नाही, आधी चिकटवावं लागतं. इथे बहुतेक दुरुस्त्या बिघडतात. सुटलेला भाग पूर्ण उघडून जुना डिंक रापीने आणि काचकागदाने खरवडून काढायला हवा, दोन्ही बाजूंनी. माती-धूळ पुसून कोरडं करायचं. मग दोन्ही बाजूंना सोल्यूशनचा, म्हणजे मोच्याकडच्या डिंकाचा, पातळ हात, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोट लावल्यावर चिकटेल पण ओघळणार नाही इतपत. घाई इथेच होते. ओलं असताना दाबलं तर आतला द्रव अडकून बसतो आणि दुसऱ्या दिवशी सोल पुन्हा हातात. दाबून, हातोडीने ठोकून, सुतळीने गच्च बांधून रात्रभर ठेवायचं, आणि चोवीस तास तरी खेळायचं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. सोल पीव्हीसीचा असेल तर साधं रबर सोल्यूशन त्यावर टिकत नाही. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं, ते हळूहळू वर येतं आणि डिंकाला मऊ करून टाकतं. त्यासाठी पीयू सोल्यूशन मागा. काम झालेल्या बुटाचा सोल तीन आठवड्यांनी गोंदासारखा ताणत सुटत असेल तर मोच्याला दोष देण्याआधी हे तपासा. आणि फेविक्विक अजिबात नको. ते काचेसारखं कडक होतं, पहिल्याच वाकणीला तडकतं, आणि मागे जी चकचकीत पापडी ठेवतं तिच्यावर पुढे कुठलाच डिंक धरत नाही. एक थेंब टाकून आणलेला बूट दुरुस्त करणं हे नव्या बुटापेक्षा अवघड काम.

आयुष्य घटतं ते घरी

बूट मैदानात जितका झिजतो तितकाच मैदानाबाहेर. सराव संपला की स्टड घालूनच डांबरी रस्त्याने घरी, वाटेत चहाची टपरी, मग जिना. रस्ता कानस आहे, स्टड घासतोच. सगळ्यात आधी टाचेचे बाहेरचे दोन आणि अंगठ्याखालचा एक स्टड जातो. पिशवीत एक जुनं पायताण टाकून ठेवावं, मैदानाच्या कडेला बूट बदलावा. एवढ्या एका सवयीने स्टडचं आयुष्य कितीतरी वाढतं आणि खर्च शून्य. कोणताही स्टड मूळ उंचीच्या निम्म्यावर आला की ती जोडी सामन्यात वापरू नका. एका बाजूचे स्टड आखूड झाले की घोटा सतत तिकडे कलतो आणि मुरगळतो.

ओला बूट वाळवण्याची पद्धत जवळजवळ प्रत्येक घरात चुकते. पत्र्यावर उन्हात, चुलीशेजारी, फ्रिजच्या मागे, रिक्षाच्या तापलेल्या टपावर. कारखान्यात हा डिंक उष्णतेने मऊ करूनच सोल चिकटवतात, मग उष्णतेनेच तो सुटणार यात नवल काय? नाडी पूर्ण सैल करा, पायतळ बाहेर काढून वेगळं वाळवा, आत वाचून झालेला 'पुढारी' कोंबा, तासाभराने कागद बदला आणि पंख्याखाली सावलीत ठेवा. पूर्ण वाळायला एक दिवस, पावसाळ्यात दोन. चिखल आधी वाळू द्यायचा, मग जुन्या टूथब्रशने झाडायचा, उरलेला ओल्या फडक्याने पुसायचा. निरम्याच्या बादलीत रात्रभर भिजत घातलेला बूट स्वच्छ होतो खरा, सोल मात्र बादलीतच राहतो.

रोज सराव करणाऱ्याला एक जोडी का पुरत नाही याचं उत्तर याच दोन दिवसांत आहे. बूट पुरता वाळण्याआधीच पुन्हा पायात जातो. हिशेब मांडून बघा. बाराशेची एक एफजी जोडी, टणक मैदानावर आठवड्याला पाच दिवस, न शिवता: चार महिने निघाले तर पुष्कळ. सोळा आठवडे धरले तर आठवड्याला पंचाहत्तर रुपये. आता दुसरा मार्ग: नऊशेची टीएफ सरावाला, बाराशेची एफजी फक्त सामन्याला आणि गवतावरच्या दिवसाला, दोन्हींच्या शिवणीचे मिळून अडीचशे. झाले तेवीसशे पन्नास. ही जोडगोळी नऊ महिने, म्हणजे छत्तीस आठवडे सहज जाते. आठवड्याला पासष्ट रुपये. एकरकमी जड जातं हे मान्य. म्हणूनच पहिली टीएफ आणि दोन महिन्यांनी, सामने तोंडावर आल्यावर, एफजी.

तालमीतल्या सीनियरची जुनी जोडी मिळत असेल तर तीही तपासून घ्यावी, लाजायचं कारण नाही. पायतळावर जुन्या मालकाच्या पायाचा खोल ठसा असेल तर नवं पायतळ टाका. टाचेचा कप एका बाजूला कललेला असेल तर फुकटही नको, तो कप परत सरळ होत नाही.

शिनगार्ड, मोजे आणि पंच

खेळाच्या नियमांत चौथा नियम साहित्याचा. बाह्यांचा शर्ट, शॉर्ट्स, मोजे, शिनगार्ड (नडगीवरचं कवच) आणि बूट एवढं सक्तीचं. शिनगार्ड मोज्याने झाकलेलं आणि योग्य मापाचं हवं. हल्ली काडेपेटीएवढं शिनगार्ड घालायची फॅशन आली आहे, नडगीचा तीन-चतुर्थांश भाग उघडा. पंच काही म्हणो न म्हणो, मारणारा स्टड माप बघून लागत नाही. शे-दीडशेचं साधं प्लास्टिकचं, मागे फोम असलेलं, घोट्याच्या थोडं वरून गुडघ्याच्या चार बोटं खालपर्यंत येणारं पुरेसं आहे. मोज्यावरून चिकटपट्टी लावायची तर ती मोज्याच्याच रंगाची लागते. पांढऱ्या मोज्यावर इलेक्ट्रिशियनची काळी टेप लावून आलेलं पोरगं कडेला उभं राहून ती सोडत बसतं आणि तोवर संघ दहा जणांत खेळतो.

सोल सामन्यातच निघाला तर काय, हे बऱ्याच पोरांना ठाऊक नसतं. बूट अचानक पायातून निघाला तर खेळत राहता येतं, पण चेंडू पुढच्या वेळी खेळाबाहेर जाईपर्यंत तो परत घालायला हवा. त्या मधल्या वेळात त्याच अनवाणी पायाने गोल झाला तरी तो मान्य. बदलीच्या बाकाखाली तालमीने सहा, सात आणि आठ नंबरची एकेक जुनी जोडी ठेवावी. फुलांच्या हारावर आणि डीजेवर होणाऱ्या खर्चातून ती सहज निघेल.

ट्रायलची पिशवी

मुंबईला ट्रायल असेल तर मैदान आधी विचारा. कूपरेजवर कृत्रिम गवत आहे, तिथे टीएफ किंवा एजी. पुण्यात बालेवाडीला खरं गवत, तिथे एफजी. सांगणाऱ्याला नक्की माहीत नसेल तर दोन्ही जोड्या न्या, वजन किलोभर वाढेल. ट्रायलसाठी म्हणून आदल्या दिवशी नवा कोरा बूट घेऊन देणं हा आईबापांच्या मायेचा प्रकार आहे, पण तो पोराच्या टाचेवर उमटतो. नवा बूट किमान दोन आठवडे आधी घ्यायचा. पहिले तीन दिवस वीस-वीस मिनिटं, मग अर्धा सराव, मग पूर्ण. टाच घासत असेल तर पावडरपेक्षा व्हॅसलीन बरं, पावडर घामात गोळा होते.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाणार असाल तर बूट सीटखालच्या मोठ्या बॅगेत नको, उशाशी ठेवायच्या पिशवीत ठेवा. बरोबर एक जादा नाडी, वाळलेल्या मोज्यांचे दोन जोड, बुटात कोंबायला दोन जुने पेपर, आणि जन्मदाखल्याच्या मूळ प्रतीसकट कागदपत्रं प्लास्टिकच्या वेगळ्या पिशवीत, बुटांपासून लांब. नाडी दुहेरी गाठीची, आणि गाठ पायाच्या मधोमध न ठेवता बाहेरच्या बाजूला सरकवलेली, म्हणजे चेंडू मारताना आड येत नाही. लांबलचक नाडी सोलखालून गुंडाळून बांधायची जुनी खोड सोडा. मातीवर ती दोन दिवसांत तुटते आणि स्टडमध्ये अडकते.

राहिला प्रश्न कधी थांबायचं याचा. सोल सुटला तर चिकटवून शिवा, दोनदाही शिवा. नाडीचं भोक फाटलं तर मोची आतून चामड्याची चकती लावून पितळी रिंग ठोकतो, काम पक्कं होतं. पण एफजीचा स्टड मुळातून तडकला असेल किंवा सोलला आडवी चीर गेली असेल, तर त्या बुटावर आणखी एक रुपयाही घालू नका. स्टड कापून, घासून सगळे सारखे करा आणि तो बूट घरापुढे भिंतीवर चेंडू मारायला ठेवा.